थंड धूर आणि गोड जाहिरात

जाहिरात ही आजच्या काळांतील एक मोठी शिक्षिका होऊन बसली आहे. शाळेची घंटा वाजण्यापूर्वीं ती मुलांस रस्त्यांत गांठते आणि शाळा सुटल्यावरहि त्यांची पाठ सोडीत नाहीं. तिच्या हातीं छडी नाहीं, ती फी मागत नाहीं, परीक्षाहि घेत नाहीं. तरी तिनें पढविलेलें वाक्य लहान मुलाला पाढ्यांपेक्षां लवकर पाठ होतें. अशा शिक्षिकेची नीट ओळख करून घेणें हें विद्यार्थ्यांचें व त्यांच्या आईबापांचेंहि कर्तव्य आहे. ती कोणाला शिकविते, काय शिकविते आणि तिचा पगार कोण देतो, ह्या तीन गोष्टी कळल्या म्हणजे तिचें खरें स्वरूप कळलें. हा विषय फार विस्तृत आहे. म्हणून आम्हीं त्यांतून एकच वस्तु, एकच देश व एकच समाज निवडला आहे. वस्तु आहे मेंथॉलची सिगारेट, देश आहे अमेरिका आणि समाज आहे तेथील कृष्णवर्णीय लोकांचा.

मेंथॉल म्हणजे आपल्या घरोघरच्या ओळखीचें पेपरमिंटचें फूल. कापूर, ओव्याचें फूल व हें फूल एकत्र केलीं म्हणजे त्यांचें पाणी होतें आणि त्यालाच आपण अमृतधारा म्हणतों. डोकें दुखूं लागलें असतां कपाळाला लावण्याच्या बामांतहि हेंच असतें. तें चोळल्यावर कातडी थंड झाल्यासारखी वाटते. पण उष्णतामापक यंत्र लावून पाहिलें तर उष्णता मुळींच उतरलेली नसते. गारवा ओळखणारे जे मज्जातंतु आपल्या शरीरांत आहेत त्यांना मेंथॉल फसवितें आणि 'थंडी आली' अशी खोटी वर्दी मेंदूकडे जाते. आतां सिगारेटच्या धुराचा विचार करा. पहिल्यानें ओढणाऱ्यास ठसका लागतो, घसा जळतो, डोळ्यांत पाणी येतें. हा ठसका म्हणजे देहाच्या दारावरचा पहारेकरी होय. मेंथॉल ह्या पहारेकऱ्याला गुंगी आणतें. धूर तोच, त्यांतील विष तेंच. परंतु तो घशाला थंड व मऊ भासतो. म्हणून नवशिक्याला व्यसन लागणें सोपें जातें आणि लागलेलें व्यसन सोडणें अधिक अवघड होतें.

ही युक्ति नवी नव्हे. ओहायो संस्थानांतील लॉइड ह्यूज नांवाच्या गृहस्थास १९२५ सालीं अशा सिगारेटचें पेटंट मिळालें. १९३३ सालीं ब्राउन अँड विल्यमसन कंपनीनें 'कूल' नांवाची सिगारेट काढली व तिच्या जाहिरातींत एक पेंग्विन पक्षी उभा केला. सर्दीनें घसा धरला असतां इतर सिगारेटी सोडून हिच्याकडे वळावें, असा उपदेशहि त्या काळच्या जाहिराती करीत. जें घसा बिघडवितें तेंच घशाला सोसणारें म्हणून पुढें केलें गेलें! पुढें १९५६ सालीं आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीची 'सेलम' व १९५७ सालीं लॉरिलार्ड कंपनीची 'न्यूपोर्ट' बाजारांत आली. तथापि तोंपर्यंत मेंथॉल कोणा एका वर्णाची आवड नव्हती. १९५३ सालीं झालेल्या एका पाहणींत मेंथॉल पसंत करणारे लोक गोऱ्या धूम्रपान करणाऱ्यांत शेंकडा २ व कृष्णवर्णीयांत शेंकडा ५ आढळले होते. अलीकडच्या पाहण्यांत कृष्णवर्णीय धूम्रपान करणाऱ्यांपैकीं शेंकडा ८० हून अधिक लोक मेंथॉलच ओढतात असें दिसून आलें आहे. ५ चे ८० कसे झाले, हाच आपला आजचा धडा आहे. ही आवड जन्मजात आहे असें कोणी म्हणेल, तर १९५३ सालीं तीच जात, तेंच रक्त व तीच जीभ होती, हें त्यानें ध्यानांत घ्यावें.

ह्या लोकांचा तंबाखूशीं संबंध फार जुना व फार दुःखाचा आहे. व्हर्जिनिया प्रांतांत इंग्रज वसाहतवाल्यांनीं तंबाखूची लागवड सुरू केली आणि १६१९ सालीं तेथें आफ्रिकेंतून धरून आणलेलीं माणसें प्रथम उतरलीं. पुढें दोनशें वर्षांहून अधिक काळ ह्या पिकाच्या मळ्यांत गुलामांचा घाम गळत राहिला. १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाली, पण अपमान बंद झाला नाहीं. १९१० ते १९७० ह्या साठ वर्षांत सुमारे ६० लक्ष कृष्णवर्णीय लोक दक्षिणेंतील खेडीं सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया अशा शहरांकडे पोट भरण्यासाठीं गेले. तेथेंहि त्यांना निराळ्या वस्त्यांत राहावें लागलें. बहुतेक मोठ्या व्यापाऱ्यांस हे लोक गिऱ्हाईक म्हणून दिसतच नव्हते. आणि छापील चित्रांत ते आलेच तर हमाल, स्वयंपाकी किंवा विदूषक म्हणून येत.

येथें सिगारेटच्या कारखानदारांनीं आपलें चातुर्य दाखविलें. १९४५ सालीं जॉन एच. जॉन्सन ह्यांनीं शिकागो येथें 'एबनी' हें कृष्णवर्णीयांचें सचित्र मासिक सुरू केलें. अशा मासिकांतून सिगारेटच्या जाहिराती झळकूं लागल्या. आणि त्यांतील पुरुष व स्त्रिया उत्तम पोषाख केलेल्या, सुशिक्षित, हंसतमुख व स्वतः कृष्णवर्णीय अशा असत. ज्यांना हॉटेलांत बसूं दिलें जात नव्हतें त्यांना जाहिरातींत सन्मानानें बसविलें गेलें. विद्यार्थिमित्रहो, ही गोष्ट नीट समजून घ्या. ह्या समाजास धमकी देऊन किंवा तुच्छ लेखून कोणी सिगारेट विकली नाहीं. त्यांना मान देऊन विकली. मानाची भूक ही अन्नाच्या भुकेसारखीच खरी असते. ज्याला घरीं अन्न आहे तो आमिषाकडे पाहत नाहीं. उपाशी माणसाचा हात मात्र आपोआप पुढें होतो. दोष त्या भुकेचा नव्हे; तिच्यापुढें गळ टाकणाऱ्याचा होय.

१९६४ सालीं अमेरिकेचे मुख्य आरोग्याधिकारी लूथर टेरी ह्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला व सिगारेटनें फुप्फुसाचा कर्करोग होतो हें सरकारनें उघड सांगितलें. १९७१ च्या जानेवारीपासून नभोवाणी व दूरचित्रवाणी यांवर सिगारेटची जाहिरात करण्यास बंदी झाली. बंदीमुळें जाहिरातीचा पैसा नाहींसा झाला नाहीं. एका पाटानें बंद केलेलें पाणी दुसऱ्या पाटानें वाहूं लागावें तसा तो रस्त्यावरील फलकांकडे, मासिकांकडे व जलशांकडे वळला. गरीब वस्त्यांतील भिंती, दुकानांचे दरवाजे व बसथांबे ह्या चित्रांनीं भरून गेले. १९७५ पासून 'कूल' च्या नांवानें जाझ संगीताचे मोठमोठे महोत्सव भरूं लागले. गाड्या भरून फुकट सिगारेटी वस्त्यांत वांटल्या जाऊं लागल्या. ह्याशिवाय कृष्णवर्णीयांचीं वर्तमानपत्रें, महाविद्यालयें व नागरी हक्कांसाठीं झटणाऱ्या संस्था ह्यांना ह्याच कंपन्यांकडून देणग्या मिळत. ज्यानें कठीण काळीं मदत केली त्याच्याविरुद्ध बोलण्यास जीभ रेटत नाहीं. आणि ज्यांनीं बोलावयाचें त्यांपैकीं पुष्कळ जण फार काळ गप्प राहिले.

फुकट वांटण्याचा अर्थ काय होतो, तें बोस्टन शहरांतील एका खटल्यावरून कळून येईल. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथील गरिबांसाठीं बांधलेल्या चाळींत राहणाऱ्या एका कृष्णवर्णीय मुलीला, सुमारें नऊ वर्षांची असतांना, न्यूपोर्टचे फुकट नमुने मिळत असत. आरंभीं ती ते आपल्या मोठ्या बहिणींस देई किंवा त्यांच्या मोबदल्यांत गोळ्या-मिठाई घेई. तेराव्या वर्षीं ती स्वतः ओढूं लागली. २००२ सालीं, वयाच्या ५४ व्या वर्षीं, फुप्फुसाच्या कर्करोगानें ती वारली. मरणापूर्वीं तिनें आपली जबानी नोंदवून ठेवली व तिच्या मुलानें लॉरिलार्ड कंपनीवर फिर्याद चालविली. लहान मुलांस आपण सिगारेट वांटली नाहीं असें कंपनीचें म्हणणें होतें. परंतु २०१० सालीं ज्यूरीनें मुलाच्या बाजूनें कौल दिला. २०१३ सालीं वरिष्ठ न्यायालयानें त्यांतील दंडाचा भाग रद्द केला, पण नुकसानभरपाईचा भाग कायम ठेवला. गोळीच्या बदल्यांत दिलेली ती सिगारेट खरोखर फुकट नव्हती. तिची किंमत चाळीस वर्षांनीं वसूल झाली, एवढेंच.

आतां दुसरी बाजू पाहूं. १९८९ च्या डिसेंबरांत आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीनें 'अपटाउन' नांवाची नवी मेंथॉल सिगारेट जाहीर केली. ती कृष्णवर्णीयांसाठींच आहे, हें कंपनीनें लपविलें नाहीं. पाकीट काळ्या व सोनेरी रंगाचें होतें. कित्येक कृष्णवर्णीय गिऱ्हाइकें पाकीट खालच्या बाजूनें उघडतात असें कंपनीच्या पाहणींत दिसून आलें होतें. म्हणून सिगारेटी पाकिटांत उलट्या भरण्याची योजना केली होती. माणसाची इतकी बारीक संवय जे हेरून ठेवतात, त्यांना त्याच माणसाचा खोकला ऐकूं आला नसेल काय? १९९० च्या ५ फेब्रुवारीस फिलाडेल्फिया शहरांत विक्री सुरू व्हावयाची होती. पण ही वार्ता पसरतांच तेथील डॉक्टर, आरोग्यसेवक, शिक्षक व चर्चेसचे पाळक एकत्र आले व त्यांनीं एक संघ स्थापन केला. चर्चेसमधून व वस्त्यांतून लोकांना हकीकत समजावून सांगण्यांत आली. १८ जानेवारी रोजीं केंद्रसरकारचे आरोग्यमंत्री डॉ. लुई सलिव्हन, जे स्वतः कृष्णवर्णीय होते, ह्यांनीं त्याच शहरांतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठांत भाषण करून कंपनीचा जाहीर निषेध केला. ज्या लोकांवर रोगांचें ओझें आधींच जास्त आहे त्यांच्या पाठीवर आणखी ओझें लादूं नका, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. दुसऱ्याच दिवशीं, १९ जानेवारी रोजीं, कंपनीनें आपला बेत रद्द केला. एकहि पाकीट विकलें गेलें नाहीं.

त्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत अबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चचे पाळक रेव्ह. कॅल्व्हिन बट्स ह्यांनीं आपल्या मंडळीसह शिड्या व चुन्याच्या बादल्या घेऊन दारू व सिगारेटचे फलक पांढरे केले. ह्या लोकांजवळ द्रव्यबळ नव्हतें, संघशक्ति होती. कंपनीचा पैसा कृष्णवर्णीयांच्या मासिकांत आणि जलशांत पोंचला होता. परंतु ज्या ठिकाणीं हे लोक दर रविवारीं एकमेकांचे चेहरे पाहत, एकमेकांच्या घरचे आजार व मृत्यु जाणत, तेथें जाहिरातीपेक्षां शेजाऱ्याचा शब्द वजनदार ठरला.

तथापि कंपन्यांच्या बाजूनें एक आक्षेप घेतला जात असे, त्याचा विचार न करणें योग्य होणार नाहीं. आक्षेप असा कीं, कृष्णवर्णीय माणूस हा प्रौढ व समजूतदार आहे. गोऱ्यांना जाहिरात चालते तर त्याला कां नको? त्याला आपलें बरेंवाईट कळत नाहीं असें म्हणणें हाच त्याचा अपमान नव्हे काय? हा प्रश्न वरवर पाहतां मोठा न्यायाचा वाटतो. पण निवड स्वतंत्र होण्यास दोन गोष्टी लागतात : पुरतें ज्ञान व पुरतें वय. कारखानदारांस जें ठाऊक होतें तें गिऱ्हाइकास वर्षानुवर्षें सांगितलें गेलें नाहीं. आणि अमेरिकेंत रोज सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांपैकीं दहांतील जवळजवळ नऊ जणांनीं पहिली सिगारेट अठरा वर्षांचे होण्याच्या आंतच ओढलेली असते, असें तेथील सरकारी अहवालांतून दिसतें. मग प्रौढाची ती स्वतंत्र निवड कोठें राहिली? ती तर एका मुलानें केलेली निवड आहे, आणि प्रौढ तिची फेड करीत असतो.

ही फेड किती मोठी आहे? मिशिगन विद्यापीठांतील अभ्यासकांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या हिशोबाप्रमाणें १९८० ते २०१८ ह्या काळांत केवळ मेंथॉलच्या सिगारेटींमुळें १ लक्ष ५७ हजार कृष्णवर्णीय लोक अकालीं मृत्यु पावले. देशाच्या लोकसंख्येंत हे लोक शेंकडा सुमारें १२. पण मेंथॉलमुळें झालेल्या अकाल मृत्यूंत त्यांचा वांटा शेंकडा ४१. आश्चर्य हें कीं, हे लोक गोऱ्यांपेक्षां सरासरीनें उशीरा ओढूं लागतात व दिवसाकाठीं कमी सिगारेटी ओढतात.

कायद्यानें काय केलें, हेंहि थोडक्यांत सांगतों. १९९८ सालीं ४६ संस्थानें व मोठ्या कंपन्या ह्यांच्यांत करार होऊन रस्त्यांवरील सिगारेटचे मोठे फलक उतरविण्यांत आले. २००९ सालच्या कायद्यानें लवंग, चॉकलेट, फळें इत्यादि स्वादांच्या सिगारेटींवर बंदी घातली. मात्र मेंथॉल वगळलें. सर्वांत अधिक खपणारा स्वादच मोकळा सुटला! त्याविरुद्ध पूर्वीच्या अनेक आरोग्यमंत्र्यांनीं आवाज उठविला होता. कानडा देशानें २०१७ सालीं व युरोपीय संघानें २०२० सालीं मेंथॉल बंद केलें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स व कॅलिफोर्निया ह्या संस्थानांनींहि आपापल्या हद्दींत बंदी केली. २०२२ सालीं अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें देशभर बंदी करण्याचा मसुदा प्रसिद्ध केला. परंतु तो लांबणीवर पडत गेला व जानेवारी २०२५ मध्यें मागें घेण्यांत आला.

ह्या बंदीविषयीं खुद्द कृष्णवर्णीय पुढाऱ्यांतहि एकमत नव्हतें. २०१४ सालीं न्यूयॉर्कमध्यें सुट्या सिगारेटी विकल्याच्या संशयावरून एरिक गार्नर ह्या कृष्णवर्णीय इसमास पोलिसांनीं पकडलें आणि त्या झटापटींत गळा आवळला जाऊन त्याचा प्राण गेला. बंदी झाली तर असे प्रसंग वाढतील अशी भीति कित्येकांस वाटली, व ती निराधार आहे असें कोण म्हणेल? दुसऱ्या पक्षाचें उत्तर असें कीं, मसुद्यांतील बंदी तयार करणाऱ्यावर व विकणाऱ्यावर आहे, ओढणाऱ्यावर नाहीं. आणि पोलिसांचा जुलूम थांबविण्यासाठीं पोलिसांस सुधारावें, त्यासाठीं विष मोकळें ठेवूं नये. आमचें मत दुसऱ्या पक्षाकडे झुकतें. तरीहि पहिल्या पक्षाचें भय ऐकून न घेतां केलेला कायदा त्याच लोकांना पुन्हां परका वाटेल, हें आम्ही विसरत नाहीं.

आमच्या वाचकांस ह्यांतून काय घेतां येईल? आपल्या देशांत २००३ च्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांस तंबाखूचे पदार्थ विकणें व शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आंत ते विकणें मना आहे. आणि महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं सुटी सिगारेट व विडी विकण्यास बंदी केली. सुटी विक्री कां वाईट? कारण पाकिटाला लागणारा पैसा मुलाजवळ नसतो, एका सिगारेटपुरता मात्र असतो. आणि सुट्या सिगारेटवर धोक्याचें चित्रहि नसतें. फुकट नमुना आणि सुटी सिगारेट ह्या दोन्ही युक्त्या रिकाम्या खिशाचें माप घेऊनच केलेल्या असतात.

म्हणून विद्यार्थ्यांनीं यापुढें कोणतीहि जाहिरात पाहतांना मनाशीं चार प्रश्न विचारावे. पहिला : ह्या चित्रांतील माणूस माझ्यासारखा कां दाखविला आहे? दुसरा : ती वस्तूविषयीं सांगते, कीं माझ्याविषयींच गोड बोलते? तिसरा : हीच जाहिरात श्रीमंतांच्या वस्तींत इतक्याच दाटीनें लागली आहे काय? आणि चौथा : ही वस्तु वीस वर्षें वापरलेला माणूस ह्या चित्रांत कोठें आहे? पालकांनींहि हे प्रश्न मुलांबरोबर बसून विचारावे. कारण मुलाला उत्तर ऐकण्यापेक्षां उत्तर शोधलेलें अधिक काळ टिकतें. आणि आपल्या मुलांस घरीं व शाळेंत मानानें वागवावें, त्यांचें म्हणणें ऐकून घ्यावें, त्यांच्या चांगल्या कामाचें चारचौघांत कौतुक करावें. ज्या मुलाला आपल्या माणसांकडून मान मिळतो, त्याला तो पाकिटांतून विकत घेण्याची गरज भासत नाहीं.